नेसलेली ओळख

जहांगीर कलादालनात कधीही चक्कर मारा, नथ, नऊवारी, भरजरी फेटे भिंतीवर हमखास भेटतात. पैठणीचा काठ इतक्या निगुतीनं रंगवलेला असतो की विणकरानंही मान डोलवावी. चेहऱ्याकडे वळलं की मात्र निराशा होते. सगळ्यांचे डोळे एकाच साच्यातले. पोशाख रंगवला की माणूस रंगवून झाला, हा समज आपल्या आकृतिचित्रणात खोल रुजला आहे, आणि तो जुना आहे.

राजा रविवर्म्यांनी १८८९ मध्ये म्हैसूर दरबारासाठी वादक-गायक स्त्रियांचा मेळा रंगवला. अकरा जणी, नाना प्रांतांची नेसणी, नाना दागिने. पोशाखांचं वैविध्य डोळ्यांत भरतं. चेहऱ्यांवर मात्र थोड्याफार फरकानं तीच उदास झाक. पुढे त्यांच्या मुंबईतल्या छापखान्यातून साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या आणि ‘भारतीय स्त्री’ कशी दिसावी, हे त्या छापील साडीनं ठरवून टाकलं. कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर यांची नजर अधिक चौकस होती. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली. पण तिथंही बाई आपल्या जातीची, प्रांताची प्रतिनिधी म्हणूनच उभी राहते.

हा साचा मोडला अमृता शेरगिल यांनी. १९३२ च्या ‘यंग गर्ल्स’मध्ये दोन मुली समोरासमोर आहेत. एक नीटनेटक्या युरोपीय पोशाखात, सावरून बसलेली. दुसरी अर्धवट कपड्यांत, मोकळ्या केसांनी चेहरा झाकून घेतलेली. हंगेरियन आई आणि शीख वडिलांच्या या मुलीनं पॅरिसमध्ये रंगवलेल्या या जोडीत एकाच मनाच्या दोन बाजू दिसतात, असं मानायला जागा आहे. दोन वर्षांनी त्यांनी ताहितीच्या स्त्रीच्या रूपात स्वतःला रंगवलं. कंबरेला पांढरं वस्त्र, वरचं अंग उघडं, हात पुढे एकमेकांवर ठेवलेले, मागे पुरुषाची काळी सावली. त्या ताहितीला कधी गेल्या नव्हत्या. ती स्त्री फ्रेंच चित्रकार गोगँच्या चित्रांतून आलेली. पुरुषाच्या नजरेनं घडवलेलं ते रूप अमृता अंगावर घेतात, पण त्याच्या स्वाधीन होत नाहीत. त्यांची नजर चौकटीबाहेर, भलतीकडेच लागलेली आहे. घेतलेलं सोंग आणि आतली बाई यांच्यातली फट त्या बुजवत नाहीत. त्या काळ्या सावलीइतकंच या चित्राचं बळ त्या फटीत आहे.

भूपेन खक्करांनी हीच फट मध्यमवर्गात शोधली. १९७२ चं ‘डीलक्स टेलर्स’ शिंप्याच्या दुकानाचं. बाहेरचा माणूस बेतला जातो ती जागा. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नागडा पुरुष गॅलरीत उभा राहून बापलेक आणि गाढवाची गोष्ट घडताना बघतो. लोकलाजेसाठी जगायचं किती, हा समलिंगी चित्रकाराचा जिवाभावाचा प्रश्न तिथं कपडे उतरवूनच विचारला जातो.

पण पोशाख निवडता येणं हीसुद्धा चैन आहे. नागपूरच्या सावी सावरकरांच्या चित्रांतल्या माणसाच्या गळ्यात मडकं असतं, सोबत झाडू. ही वेशभूषा त्यानं निवडलेली नाही. जातीनं ती त्याच्यावर लादली आहे. रविवर्म्यांच्या मेळ्यात रंगीबेरंगी वाटणारा भेद इथं गळफास होतो. ओळख आणि वस्त्र यांवरची आपली चर्चा या चित्रांना वळसा घालून जाते, हे तिचं मोठं उणेपण आहे.

पुष्पमाला एन. यांनी २००० नंतर क्लेअर आर्नी यांच्यासोबत दक्षिण भारतीय स्त्रियांची छायाचित्र-मालिका केली. तीत त्या स्वतःच रविवर्म्यांची लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या. पडद्याचा रंग, दागिन्यांचा खोटेपणा उघड दिसू दिला. चित्रानं शंभर वर्षं झाकलेली गोष्ट छायाचित्रानं सांगितली, ही चित्रकारांनी मनाला लावून घ्यावी अशी बाब आहे.

नऊवारी रंगवायला हरकत कुणाचीच नाही. ती नेसणाऱ्या बाईला निवड होती का, त्या लुगड्यात ती सुखी आहे की अवघडलेली, एवढं तरी चित्रातून कळावं. ते कळत नसेल आणि नुसता काठच बघायचा असेल, तर सरळ येवल्याला जावं. तिथं निदान जर खरी मिळण्याची शक्यता आहे.