गाण्यांवर उभे राहिलेले विद्यापीठ

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते मुख्यतः कवितेच्या आणि कादंबरीच्या अंगाने. १९७२ साली दलित पँथरने आपले नावही तिकडूनच घेतले. परंतु ज्या विद्यालयांतून ही लिहिणारी, लढणारी माणसे घडली त्यांचा इतिहास आपण फारसा वाचलेला नाही. तो वाचला पाहिजे. दलितांचे शिक्षण कोणाच्या पैशावर उभे राहते आणि त्या पैशाच्या बदल्यात त्यांच्याकडून काय मागितले जाते, हा प्रश्न आपलाही आहे. टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहरी फिस्क नावाचे एक खाजगी विद्यापीठ आहे. आकाराने लहान, विद्यार्थी हजाराच्या आसपास. या प्रश्नाचे इतके उघडेवाघडे रूप मला दुसरीकडे आढळले नाही.

१८६६ च्या जानेवारीत, यादवी युद्ध संपून वर्ष व्हायच्या आत, अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या गोऱ्या धर्मोपदेशकांनी ही शाळा काढली. जागा कोणती, तर युद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरलेल्या लाकडी बराकी. नाव दिले जनरल क्लिंटन फिस्क यांचे. वर्गात सात वर्षांचे पोर होते आणि सत्तरीचा म्हाताराही होता. कालपर्यंत गुलामांना अक्षर शिकविणे दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या म्हाताऱ्याचा अर्थ कळतो. शहरातल्या गुलामांच्या कोंडवाड्यातून विद्यार्थ्यांनी गंजलेल्या बेड्या गोळा केल्या, त्या भंगारात विकल्या आणि त्या पैशातून अंकलिपी आणल्या, असे फिस्कमध्ये सांगतात. एवढी बोलकी गोष्ट एखाद्या कादंबरीत आली असती तर आपल्या समीक्षकांनी तिला प्रचारकी ठरविले असते.

पाच वर्षांत शाळा कर्जात बुडाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचा गायकवृंद घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी उत्तरेचा दौरा सुरू केला. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. प्रारंभी ते गोऱ्यांचीच गाणी गात होते आणि थैली रिकामी राहत होती. ओबर्लिन येथे पाद्र्यांच्या सभेत त्यांनी गुलामांची गाणी म्हटली आणि चित्र पालटले. पुढे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढेही त्यांचे गायन झाले. या पैशातून ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. १८७६ च्या पहिल्या दिवशी तिचे उद्घाटन झाले. ती आजही वसतिगृह आहे.

ही कथा सगळे अभिमानाने सांगतात. मला मात्र तिच्यातल्या एका बारीक गोष्टीपाशी थांबावेसे वाटते. एला शेपर्ड या त्या वृंदातल्या गायिका आणि साथीला बाजा वाजविणाऱ्या. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, ही गाणी आम्ही चारचौघांत कधी म्हणत नव्हतो. ती आमच्या आईबापांच्या भक्तीची होती आणि विसरून जायच्या काळाशी बांधलेली होती. म्हणजे गुलामाची खाजगी वेदना, जी त्याने मालकापासून लपवून ठेवली होती, ती मालकाच्याच भाऊबंदांपुढे तिकीट लावून मांडावी लागली. तेव्हा कुठे विटा आल्या. श्रोते रडले. कशासाठी रडले, हा प्रश्न मी विचारतो. आपल्याकडे आत्मकथने वाचून रडणारा एक वर्ग आहे. त्याच्या अश्रूंविषयी माझ्या मनात जी शंका आहे तीच या अश्रूंविषयी आहे.

आपल्या जलशाशी तुलना केली म्हणजे फरक चटकन लक्षात येतो. भीमराव कर्डकांचा जलसा आपल्याच माणसांपुढे, आपल्याच वस्तीत, आपल्याच भाषेत उभा राहिला. त्याला दुसऱ्याच्या कानाची भीड नव्हती. फिस्कच्या गाण्याला ती होती. म्हणून ते घासूनपुसून, पाश्चात्य स्वरमेळात बसवून, झग्या-कोटात उभे राहून म्हटले गेले. झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ साली याच गोष्टीवर बोट ठेवले. मंचावरचे हे गाणे म्हणजे खरे गाणे नव्हे. खरे गाणे देवळात एकत्र जमलेल्या माणसांच्या तोंडी दर वेळी नव्याने जन्मते, असा त्यांचा मुद्दा होता. तो खोडून काढणे कठीण आहे. मी १९०९ सालच्या फिस्क चौकडीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आहेत. आवाज कमावलेले, शब्द स्वच्छ, आणि तरीही कुठे तरी दार लोटून घेतल्यासारखे वाटते.

पण हर्स्टन यांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करीत नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने ती इमारत नसती तर काय झाले असते याचाही हिशेब द्यावा. ड्यू बॉइस १८८५ साली याच आवारात आले, १८८८ साली पदवीधर झाले आणि मधल्या उन्हाळ्यात टेनेसीच्या खेड्यांतल्या काळ्या पोरांना शिकवीत राहिले. उत्तरेत वाढलेल्या या तरुणाला आपली माणसे प्रथम इथे भेटली. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण त्यांनी या गाण्यांनाच दिले. १९४६ साली बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाच्या संदर्भात ज्यांना पत्र लिहिले ते हेच ड्यू बॉइस.

वाद इथेच संपला नाही. १९६६ साली फिस्कमध्ये काळ्या लेखकांची परिषद भरली. रॉबर्ट हेडन तिथे वीस वर्षे शिकवीत होते. मी आधी कवी आहे, अशी त्यांची भूमिका. मेल्विन टॉल्सन यांनी ती साफ नाकारली. ‘दलित लेखक की नुसता लेखक’ हा आपल्याकडचा काथ्याकूट ज्यांनी ऐकला आहे त्यांना यात नवे वाटणार नाही. हेडन यांच्या कवितेत गुलामीचा इतिहास ठायी ठायी आहे, हे मात्र त्यांच्यावर तुटून पडणारे विसरले.

आता वसतिगृहाकडे वळू. १९१५ पासून फेयेट मॅकेन्झी हे गोरे समाजशास्त्रज्ञ अध्यक्ष होते. दहा लाख डॉलरांचा निधी त्यांनी उभा केला, हे त्यांचे कर्तृत्व. पण दाते प्रसन्न राहावेत म्हणून कॅम्पसला शिस्तीचा तुरुंग केले. विद्यार्थ्यांचे मंडळ बरखास्त, त्यांचे नियतकालिक ‘फिस्क हेरल्ड’ बंद (ड्यू बॉइस विद्यार्थी असताना त्याचे संपादक होते), काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेची शाखा काढायला मनाई, मुलींनी कोणते मोजे घालावेत याचाही नियम. १९२४ च्या जूनमध्ये ड्यू बॉइस मुलीच्या पदवीदानासाठी आले आणि तिथल्याच व्यासपीठावरून त्यांनी या कारभाराची लक्तरे काढली. त्यांचा सर्वांत झोंबणारा आरोप असा की, फिस्कच्या गाणाऱ्या मुलींना नोकरांच्या दाराने आत नेऊन सिगार ओढीत बसलेल्या गोऱ्या पुरुषांपुढे गायला लावले गेले. ज्या गाण्याने इमारत बांधली ते अर्ध्या शतकाने मागल्या दाराने आत चालले होते.

१९२५ च्या फेब्रुवारीत विद्यार्थी पेटले. रात्री घोषणा झाल्या. मॅकेन्झींनी शहरातले गोरे पोलीस बोलावले, मुलांना अटक झाली. मुले वर्ग सोडून बाहेर पडली. एप्रिलमध्ये मॅकेन्झींना राजीनामा द्यावा लागला. तरी पहिला काळा अध्यक्ष निवडायला १९४६ साल उजाडले: चार्ल्स एस. जॉन्सन. बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा सूत्रे पहिल्या दिवसापासून आपल्या हाती ठेवली होती. फिस्कला तो टप्पा गाठायला ऐंशी वर्षे लागली. आणि दात्याची पकड नंतरही सुटली असे नाही. जॉर्जिया ओ’कीफ यांनी १९४९ साली शंभरावर कलाकृती दिल्या, विकायच्या नाहीत या अटीवर. विद्यापीठ आर्थिक अडचणीत आले तेव्हा वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करावी लागली आणि २०१२ साली त्यांतली अर्धी मालकी तीन कोटी डॉलरांना आर्कान्सासमधील एका श्रीमंत संग्रहालयाकडे गेली.

१९६० साली नॅशव्हिलच्या दुकानांत काळ्यांना सामान विकत, पण खाण्याच्या टेबलाशी बसू देत नसत. १३ फेब्रुवारीपासून विद्यार्थी तिथे जाऊन बसू लागले. शिकागोहून फिस्कमध्ये आलेल्या डायन नॅश त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. २७ तारखेला मार खाऊन एक्याऐंशी जण तुरुंगात गेले. या वेळी फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी पोलीस बोलावले नाहीत. विद्यार्थ्यांच्या बाजूने ते उघडपणे उभे राहिले. १९२५ आणि १९६० यांतले हे अंतर मला फिस्कच्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोलाचे वाटते. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला आणि हजारो माणसे नगरपालिकेकडे चालत गेली. ज्यांच्या गाण्याने जग रडले होते त्यांची मुले त्या दिवशी काही न गाता चालली. मोर्चा मूक होता. पायऱ्यांवर नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले, रंगावरून भेदभाव करणे चूक आहे असे तुम्हाला वाटते काय? त्यांना हो म्हणावे लागले. १० मे रोजी टेबले खुली झाली. पुढच्या वर्षी नॅश यांनी पदवी न घेताच फिस्क सोडले आणि त्या पूर्णवेळ चळवळीत गेल्या.