झाड कोणासाठी लावायचे?

जून आला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचे लक्ष्य होते. आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. कोणते झाड, कुठे आणि कोणासाठी, हे प्रश्न मागे पडले.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांवर विसंबूनही भागत नाही. पाखरांना आणि माणसांना दोघांनाही उपयोगी झाड म्हणून ती क्रॅबअ‍ॅपल, म्हणजे रानसफरचंद, सुचवतात. थंड देशांत ते योग्यच आहे. झाड काटक, फुले मधमाश्यांना, फळे पाखरांना आणि उरलेल्याची जेली. पण त्याच्या कळ्या नीट फुटायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते. वसईजवळच्या भुईगावात ती कुठून आणणार? तेव्हा झाड सोडून द्यावे, निवडीची रीत घ्यावी.

भुईगावात समुद्र शेजारी, वारा खारा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. शोभेला उत्तम, पण त्याच्या शेंगा ना मुलांच्या कामाच्या, ना बुलबुलाच्या. सुरू वारा अडवतो, खाऊ देत नाही. जांभूळ दोन्ही कसोट्यांना उतरते. मे-जूनमध्ये बुलबुल, कोकीळ, वटवाघळे आणि मुले सारीच त्याच्यावर तुटून पडतात. याच जिल्ह्यातील बहाडोलीची जांभळे प्रसिद्ध आहेत. मात्र जांभळाला ओल हवी.

कोरड्या, उघड्या जागी माझे मत खिरणीला, म्हणजे रांजणाला. उन्हाळ्यात पिवळी, गोड, चिकट फळे येतात. चिकूचे कलम बहुधा खिरणीच्या रोपावरच बांधतात. दोन्ही मोहाच्या कुळातली. सफरचंदाचे कलमही रानसफरचंदावर बांधण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे खिरणीचा काटकपणा आपल्या बागायतदारांना पक्का ठाऊक आहे. तरी तिला कलमाच्या गाठीखालीच ठेवले जाते!

खिरणी फार सावकाश वाढते, हा आक्षेप खरा आहे. आज रोप लावणारी मुले शाळा सोडून जातील, तेव्हाही फळ धरलेले नसेल. म्हणून शेजारी जांभळाचे कलम लावावे. ते लवकर फळते.

वर्गासाठी एक प्रयोग : जांभळाच्या काही बिया ताज्या पेरा, काही महिनाभर सुकवून पेरा. रुजण्यातला फरक मुलांनीच मोजावा. एका बीतून दोन-तीन रोपेही येतात, तीही पाहावीत. आणि वृक्षारोपणाच्या अहवालात रोपांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना असू द्या : गेल्या वर्षीच्या झाडांपैकी जगली किती, आणि त्यांवर कोण कोण आले?