डबीतली भाकर : मांझोनीच्या कादंबरीतील क्रोध

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी सात प्रमुख पापांची यादी पाठ केलेली असते. त्या यादीत क्रोध आहे. पण क्रोधी माणूस तिच्यात दिसत नाही. तो पाहावयाचा असेल तर आलेस्सांद्रो मांझोनी ह्या इटालियन लेखकाच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ह्या कादंबरीकडे वळावे. १८२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेली आणि १८४० ते १८४२ ह्या काळात लेखकाने भाषा पुन्हा तासून सिद्ध केलेली ही कथा सतराव्या शतकातील लोम्बार्दीत घडते. रेन्झो आणि लुचिया हे तिच्यातील वाग्दत्त वधूवर. डॉन रोद्रिगो नावाचा मुजोर सरदार त्यांच्या लग्नाच्या आड येतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २७ मे २०१५ रोजी वाग्दत्त तरुण-तरुणींना ही कादंबरी वाचण्याचा आग्रह केला होता. आमचे लक्ष मात्र येथे ह्या जोडप्याचा कैवार घेणाऱ्या फ्रा क्रिस्तोफोरो ह्या वृद्ध कापुचिन संन्याशाकडे आहे.

संन्यास घेण्यापूर्वी तो लोदोव्हिको होता. श्रीमंत व्यापाऱ्याचा मानी मुलगा. एके दिवशी रस्त्यात एक उमराव समोर आला. भिंतीकडेची बाजू कोणी सोडायची, एवढाच प्रश्न. (आमच्या गावांत बांधावरून आणि विहिरीच्या वाटेवरून भाऊबंदांत जे पेटते, ते ह्याहून फार मोठे नसते.) शब्दाने शब्द वाढला, तलवारी निघाल्या. धन्याला वाचवू पाहणारा क्रिस्तोफोरो नावाचा कुटुंबवत्सल नोकर मारला गेला आणि लोदोव्हिकोने त्या उमरावाचा प्राण घेतला. पुढे त्याने आपली मालमत्ता नोकराच्या बायकामुलांना दिली, त्याचेच नाव धारण करून व्रत घेतले आणि मृताच्या भावापुढे गुडघे टेकले. त्या घरातून मागून घेतलेल्या भाकरीचा तुकडा त्याने जन्मभर जपला.

एखाद्या सामान्य बोधकथाकाराने येथे क्रोध संपला असे जाहीर केले असते. मांझोनी तसे करीत नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आम्ही मानतो. ह्या संन्याशाच्या डोळ्यांना तो दोन तेजस्वी घोड्यांची उपमा देतो. सारथ्यापुढे आपले चालणार नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. तरी अधूनमधून ते उसळतात आणि लगामाचा हिसका खातात. घोडे मेलेले नाहीत. क्रोध ही वृत्ती स्वतः पाप नव्हे, ती विवेकाच्या स्वाधीन असली पाहिजे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. सेमिनरीत आम्ही ते सूत्ररूपाने वाचले. येथे ते श्वास घेताना दिसते.

सहाव्या प्रकरणातील भेट ह्या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्याजोगी आहे. संन्याशी रोद्रिगोच्या वाड्यात नम्रपणे बोलण्याचा निश्चय करून जातो. लुचियाने आपल्याच आश्रयाला यावे, असे तो निर्लज्ज सरदार सुचवितो. त्या क्षणी निश्चय सुटतो, जुना लोदोव्हिको नव्या क्रिस्तोफोरोच्या मदतीला धावतो आणि दोघांचा आवाज एक होतो. परंतु सरदार त्याला शिवीगाळ करू लागताच राग ओसरतो. लुचियाच्या अपमानावर पेटलेला माणूस स्वतःच्या अपमानावर मान खाली घालून उभा राहतो. अपशब्द कानी पडले की गप्प राहावयाचे, ही त्याच्या मनाची वर्षानुवर्षांची सवय आहे. संयम असा त्या क्षणी निर्माण होत नाही, तो आधीच कमावून ठेवलेला असतो, हे एवढ्या बारकाईने दाखविणारे दुसरे दृश्य आमच्या वाचनात नाही.

१६३० च्या प्लेगमध्ये, मिलानच्या रोगीतळावर, रेन्झो सूडाची भाषा बोलतो तेव्हा हाच संन्याशी त्याच्यावर कडाडतो. आपण मारलेला माणूसही जुलमीच होता. पण त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत असते तर तीस वर्षांत ते आपल्याला सापडले नसते काय, असा त्याचा सवाल आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूला तो सवाल जपून ठेवावासा वाटेल. कारण "रागावलो, पण फादर, कारणच तसे होते" हे वाक्य काही नवे नाही.

आक्षेप आहेत. मांझोनी गरिबांकडे वरून, दयेने पाहतो, असे अंतोनिओ ग्रामशीने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत म्हटले आहे. क्षमेचा हा पाठ दुर्बळाला निमूट राहावयास शिकवितो, असेही कोणी म्हणेल. लेखक अधूनमधून प्रवचनकार होतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण निमूटपणाचा आरोप क्रिस्तोफोरोला लागू पडत नाही. शस्त्राशिवाय जुलमी माणसाच्या दारात जाणारा तो एकटाच आहे. मरणोन्मुख शत्रूला क्षमा करणे सोपे, असा दुसरा आक्षेप घेता येईल. त्यासाठी पस्तिसावे प्रकरण नीट वाचावे. रेन्झो क्षमेचा शब्द उच्चारतो तेव्हा रोद्रिगोचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते. बेशुद्ध शत्रूच्या खाटेशी संन्याशी त्याला नेतो तो त्यानंतर.

पुढच्या प्रकरणात भाकरीची ती लाकडी डबी रेन्झो आणि लुचिया ह्यांच्या हाती येते. तुमच्या मुलांना ती दाखवा, असे संन्याशी सांगतो. त्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नाही.