टक्के कशाचे?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये एच.आय.व्ही.विषयी २०२५ पर्यंत गाठायचे एक लक्ष्य ठरवले : ९५-९५-९५. बाधितांपैकी ९५ टक्के लोकांना आपल्या लागणीची माहिती असावी, माहिती असलेल्यांपैकी ९५ टक्के उपचार घेत असावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या रक्तातील विषाणू आटोक्यात असावेत. घोषणा म्हणून हे उत्तम आहे. मोजपट्टी म्हणून मात्र ते फसवे ठरू शकते.

कारण हे तीन टक्के तीन वेगवेगळ्या संख्यांचे आहेत. १०० बाधित घ्या. ९५ जणांना माहिती, त्यांतले सुमारे ९० उपचारांवर आणि त्यांतल्या सुमारे ८६ जणांचा विषाणू आटोक्यात. म्हणजे लक्ष्य पूर्ण गाठले तरी १४ जण बाहेरच राहतात.

आता आपल्या देशाचे २०२३-२४ चे आकडे पाहू : ८१-८८-९७. यातील ९७ चे कौतुक होते. पण गुणाकार केला, की १०० पैकी ६९ च उरतात. गळती कुठे झाली? पहिल्या पायरीवर १९, दुसरीवर १० आणि तिसरीवर अवघे २. देशातील बाधितांची संख्या २५ लाखांच्या आसपास आहे. त्यातल्या जवळजवळ पावणेपाच लाख लोकांना आपल्याला लागण झाल्याचे ठाऊकच नाही.

औषध आपले काम चोख करते. सरकारी केंद्रांतून ते २००४ पासून मोफत मिळते, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. विषाणू आटोक्यात राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण पुढे जात नाही, हेही सिद्ध झाले आहे. अडते ते चाचणीच्या दारात. तिथे माणसाला थांबवते ती नातेवाईक, शेजारी, मालक काय म्हणतील याची भीती. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि बाधितांशी भेदभाव या दोहोंना मनाई केली, ते योग्यच झाले. पण भीती कायद्याने जात नाही.

आणखी एक उणीव आहे. हे आकडे त्या-त्या वेळची स्थिती दाखवतात. गोळी मात्र रोज, जन्मभर घ्यायची असते. कामासाठी गाव सोडलेल्या माणसाची गोळी चुकू लागली, तर आज आटोक्यात असलेला विषाणू उद्या पुन्हा वाढतो.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. मुलांनी प्रत्येक टक्क्याला ‘कशाचे?’ असे विचारायला शिकावे. आणि गुणाकारातून गळालेली ३१ माणसे फळ्यावर वेगळी लिहावीत.