गिरणगावातील स्त्री आणि आमचे वाङ्मय

'गिरणी कामगार' हे दोन शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते पुरुषाचे असते. भोंगा होताच चाळीच्या जिन्यावरून लगबगीने उतरणारा, कोकणातून किंवा घाटावरून आलेला, महिन्याकाठी गावी मनिऑर्डर करणारा असा तो पुरुष. या चित्रात स्त्री असलीच तर ती एक तर गावाकडे वाट पाहणारी असते, नाही तर चाळीच्या खोलीत चुलीपुढे बसलेली. हे चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अर्धे आहे; आणि अर्ध्या चित्रास पुरे समजल्यामुळे आमच्या वाङ्मयाचेच नव्हे, तर मजूर-चळवळीचेही नुकसान झाले, असे आम्हांस वाटते. त्या नुकसानीचा हिशेब मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याची व रिळे भरण्याची खाती बहुतांशी त्यांच्याच हातांवर चालत. त्यांच्यावर देखरेख करण्यास 'नायकीण' असे. नोकरी देणे, नोकरी राखणे आणि त्याबद्दल दस्तुरी घेणे हा पुरुष-खात्यांतील जॉबरचा सर्व कारभार स्त्रियांच्या खात्यांत हीच नायकीण पाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात आणि त्यातून बलिष्ठ झालेल्या गिरणी कामगार युनियनच्या चळवळीत या स्त्रियांचा भाग होता. म्हणजे त्या काळी गिरणगावात राहणाऱ्या कोणाही लेखकास कामावर जाणारी स्त्री पाहण्यासाठी दुर्बीण लावावी लागली नसती. सकाळी रस्त्यावर उभे राहिले तरी पुरे होते.

तरीही आमच्या वाङ्मयाने तिला क्वचितच पाहिले. मामा वरेरकरांनी 'सोन्याचा कळस' व 'धावता धोटा' या कृतींतून गिरणीचे जग मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणले, हे त्यांचे ऋण आम्ही मान्य करतो. पण त्या वाटेने पुढे जाणारे थोडे निघाले. अण्णा भाऊ साठे हे स्वतः गिरणीत राबलेले. मुंबईच्या कष्टकऱ्याचे हृदय त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल, असे वाटत नाही. परंतु त्यांच्या ज्या छकडीने महाराष्ट्राला वेड लावले, तिच्यातील मैना गावाकडे राहिलेली आहे. हा काही कवीचा दोष नव्हे; ते त्या काळचे सत्यच होते. गावी राहिलेली ती स्त्री शेत कसत होती, मुले वाढवीत होती, म्हणून तर मुंबईत तिच्या धन्याला तुटपुंज्या पगारावर राबविणे मालकांस परवडत होते. गिरणीच्या नफ्यात त्या मैनेच्याही श्रमाचा वाटा होता. मात्र त्या छकडीचे शेकडो प्रयोग ऐकताना आम्ही विरहाने गहिवरलो. श्रमाचा हिशेब कोणी विचारला नाही.

अपवाद नारायण सुर्वे यांचा. त्यांना वाढविणाऱ्या काशीबाई या गिरणी कामगार होत्या. त्यामुळे सुर्व्यांच्या कवितेत भोंग्याच्या दिशेने झपाट्याने निघालेली आई येते. आणि ती आली म्हणजे इतर पुष्कळांचे गिरणगाव एकदम कागदी वाटू लागते. तथापि हेही लक्षात घेतले पाहिजे, की ही आई आपणांस दिसते ती मागे घरी राहिलेल्या लेकराच्या डोळ्यांनी. दरवाज्याच्या आत गेल्यावर तिचे काय होते, नायकिणीशी तिचे कसे जमते, संपाच्या सभेत ती काय बोलते, हे सांगावयाचे तर ते तिनेच सांगावयास हवे होते.

तिने ते सांगितलेही. पण आम्ही त्याला वाङ्मय म्हटले नाही. उषाताई डांगे यांचे 'पण ऐकतं कोण?' हे आत्मकथन १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पार्वतीबाई भोर या गिरणी कामगार स्त्रीने आपली कहाणी पद्माकर चितळे यांना सांगितली, ती 'एका रणरागिणीची हकिगत' या नावाने १९७७ मध्ये आली. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर आम्ही किती प्रेमाने लिहितो! परंतु त्या चर्चेत या दोन पुस्तकांस मानाचे पान सहसा मिळत नाही. पार्वतीबाईंच्या पुस्तकासंबंधी एक अडचण उघड आहे: सांगणारी स्त्री आणि लिहिणारा पुरुष. बोलण्यातला कोणता ठसका लेखणीने गुळगुळीत केला, हे आता कळावयास मार्ग नाही. खुद्द 'रणरागिणी' हा शब्द तरी कोणाच्या तोंडचा, असा प्रश्न मनात येतोच. पण या अडचणीमुळे पुस्तक कमी प्रतीचे ठरत नाही. ज्या समाजात कामगार स्त्रीला लिहावयास ना वेळ होता ना अक्षर, त्या समाजात तिचे शब्द दुसऱ्याच्या हातूनच कागदावर उतरणार. आणि उषाताईंनी दिलेले नाव तर आम्हांस एखाद्या फिर्यादीसारखे वाटते. ही फिर्याद केवळ मालकावर नाही. जी चळवळ मोर्च्यात स्त्रियांना पुढे चालविते आणि निर्णयाच्या वेळी मागे बसविते, तीवरही ती लागू पडते.

येथे मजूर-चळवळीच्या एका जुन्या चुकीकडे वळणे प्राप्त आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. पण त्याबरोबरच, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. हा विचार अमलात आला नाही. सारा खर्च मालकाच्या माथी बसला. मालकाने तो चुकविण्याची सोपी युक्ती काढली: बाईला कामावर घ्यावयाचेच नाही. पुढे सुधारलेली यंत्रे आली व स्त्रियांची खाती आटली. पाळ्या वाढल्या, आणि रात्रपाळीची बंदी स्त्रियांना आणखी आड आली. संरक्षण म्हणून केलेल्या व्यवस्थेने तिला दरवाज्याबाहेर काढले. या सर्व काळात कामगार-संघांनी बोनस, महागाई भत्ता, पगारवाढ यांसाठी झुंजी दिल्या. परंतु घरातल्या एका पुरुषास कुटुंबपोषणापुरते वेतन मिळाले की सर्व प्रश्न सुटला, ही समजूत मनात पक्की असल्याने बायकांच्या नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून निकराचा लढा झाला नाही. बंदी घालणारा कायदा सरकारचा, युक्ती मालकाची. पण मौन आपल्याच माणसांचे होते.

गिरणीतून बाहेर पडलेली ही स्त्री बेकार बसली काय? मुळीच नाही. तिने खानावळ घातली, घरोघर भांडी घासली, बिड्या वळल्या, शिवणकाम अंगावर घेतले. तिचे काम गेले नाही. कामाला असलेले नाव, हजेरी, पगारपत्रक आणि संघ एवढे मात्र गेले. या विखुरलेल्या स्त्रियांस पुन्हा गोळा करता येते हे प्रेमा पुरव यांनी दाखविले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणगावातील खानावळवाल्यांस सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेले. पण संघटित कामगारांच्या पुढाऱ्यांस ही गोष्ट स्त्रियांच्या उपयोगाची एक संस्था एवढीच वाटली. तीत आपल्या उद्याचे चित्र आहे, हे ओळखले गेले नाही.

तो उद्या फार दूर नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९९१ साली देशाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीची वाट खुली केली. जमिनीचा एक भाग मोकळ्या जागांसाठी व एक भाग घरांसाठी देण्याची अट होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या पडलेल्या भूखंडापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. सुमारे ६०० एकर भूमी, आणि तिच्यावर उभे राहिलेले मनोरे व दुकानांचे महाल आज सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. कामगाराच्या हाती काय आले? कंत्राटी पहारेकऱ्याची नोकरी, हातगाडी, रिक्षा, किंवा घरबसल्या मजुरी. हजेरी नाही, पगारपत्रक नाही, संघ नाही. वाचकहो, ही अवस्था नवी नव्हती. गिरणीतील स्त्री त्या अवस्थेत अर्धे शतक आधीच जाऊन पोहोचली होती. नवउदारमतवादाने तिचीच अवस्था सर्वांवर लादली. तिला जर त्या वेळी नीट पाहिले असते, तर पुढे येणारा घाला इतका अनपेक्षित वाटला नसता.

आता या कसोटीवर जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक घासून पाहू. कारण गिरणगावाच्या ऱ्हासावर मराठीत याहून समर्थ नाट्यकृती आम्हांस ठाऊक नाही. १९९७ मध्ये ते रंगभूमीवर आले, डॉ. सामंतांचा खून त्याच वर्षीच्या जानेवारीतला. चाळीतली एक खोली, एक आई आणि तिची मुले, एवढ्यावर पवारांनी सबंध वसाहतीची राखरांगोळी दाखविली. कोणी लेखक होण्याच्या वेडात, कोणी क्रिकेटच्या नादात, कोणी गुंडांच्या टोळीत. बाहेरचे जग ढासळले की घरातली माणसे एकमेकांस कशी ओरबाडू लागतात, हे या नाटकात ज्या निर्दयपणे उतरले आहे, त्यास तोड नाही. घोषणांचा मोह टाळून लेखकाने माणसे उभी केली, हे त्याचे मोठेच यश होय.

तथापि आमची एक तक्रार आहे. नाटकाचे सारे लक्ष मुलांच्या विनाशाकडे लागलेले आहे. आई ही तो विनाश सोसणारी, घराला धरून ठेवणारी शक्ती म्हणून उभी आहे. ती आपल्याला हलवून सोडते. परंतु प्रेक्षक घरी परतताना 'बिचारी आई' म्हणत परततो. गिरणी बंद पडणे ही पुरुषावर कोसळलेली आपत्ती आणि स्त्री ही तिची साक्षीदार, ही आमची जुनीच समजूत येथे अधिक करुण होऊन परत येते. यावर कोणी म्हणेल, की नाटककार काही कामगार-खात्याचा अहवाल लिहावयास बसलेला नसतो. त्याने एक घर पाहिले व ते दाखविले. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. एका कृतीने सर्व काही सांगावे ही मागणी अरसिकपणाची ठरेल. पण जेव्हा एकामागून एक सर्वच कृती स्त्रीला उंबऱ्याच्या आतच उभी करतात, तेव्हा तो प्रश्न एका लेखकाचा राहत नाही. सबंध वाङ्मयाच्या दृष्टीचा होतो. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून टिपलेला इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रिया स्वतः बोलतात, आणि त्या केवळ रडत नाहीत. असे असता ललित लेखकांस या स्त्रिया सापडत नाहीत, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

हा वाद गतकाळाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर होत्या. १९७५ साली सुरू झालेली ही योजना ज्यांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांना मिळणाऱ्या पैशास सरकार 'मानधन' म्हणते, 'वेतन' म्हणत नाही. आणि आशा तर 'स्वयंसेविका'. भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये या स्त्रियांस कामगार मानावे अशी शिफारस केली. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. तरी शब्द बदलला नाही. शब्दांचा व्यवहार करणाऱ्या आम्हां मंडळींस याचे महत्त्व कळावयास हवे. 'मानधन' हा किती गोड शब्द! त्यात मान आहे, धन आहे. नाही तो फक्त हक्क. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या, आणि स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीचा दरवाजा तिला पुन्हा उघडा झाला. परंतु ज्या कायमच्या नोकरीसाठी तो दरवाजा उपयोगी पडावयाचा, ती नोकरीच या मधल्या काळात दुर्मिळ होऊन बसली आहे.

आमच्या लेखकांनी प्रचारकी कादंबऱ्या लिहाव्यात, असे आमचे मागणे नाही. त्या पुष्कळ झाल्या आणि विसरल्याही गेल्या. आमचे मागणे एवढेच, की त्यांनी कामाच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रीकडे, ती कोणाची आई किंवा कोणाची मैना आहे हे क्षणभर विसरून पाहावे. तिचे हात काय करतात, तिला किती पैसे मिळतात, सभेत ती कोणत्या वाक्याला हसते आणि कोणत्या वाक्याला उठून जाते, हे लिहावे. हे काम वाङ्मयाने वेळीच केले असते, तर पुढाऱ्यांसही काही गोष्टी लवकर दिसल्या असत्या. उषाताईंच्या पुस्तकाच्या नावातील प्रश्नाला पन्नासांहून अधिक वर्षे होऊन गेली. त्याचे उत्तर अद्याप आमच्याकडून यावयाचे आहे.