संदर्भासह स्पष्टीकरण करा

दिवाळी अंकात समीक्षेचा लेख म्हटला की वाचक दोन पाने उलटून कथेकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. मीही तेच करतो. पण आज ज्या मजकुराची समीक्षा मी करणार आहे तो एकाच वाक्याचा आहे, आणि त्या वाक्यावरून आमच्या घरात ऐन दिवाळीत दोन दिवस अबोला होता. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

गोष्ट 2012 सालची. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली होती, आणि आठवडाभर आधी, 6 नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होऊन बराक ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले होते. माझे थोरले मावसभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेले आणि तेथे त्यांनी लहानसा छापखाना उभा केला. ते आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा त्या दिवाळीला आमच्याकडे आले होते. अण्णा रॉम्नींच्या बाजूचे, मुलगा ओबामांच्या. निकाल लागून गेला होता, पण वाद संपला नव्हता. पहिल्या फराळाच्या बशा पुढे आल्या आणि अण्णा म्हणाले, "त्या माणसानं मला तोंडावर सांगितलं, की तुझा छापखाना तू उभारलेला नाहीस. पंचवीस वर्षं मी शाईत हात घातले ते काय झोपेत?"

मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांनी असं म्हटलेलंच नाही. तुम्ही अर्धं वाक्य ऐकलंत."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"तेच सांगतोय. अर्धंच ऐकलंत."

चकलीचा तुकडा तसाच ठेवून अण्णा उठले. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. राजकारणातले मला फारसे कळत नाही. पण वाक्य म्हणजे माझा धंदा. रात्री पुतण्याकडून मी ते संपूर्ण भाषण मागून घेतले आणि मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे पेन्सिल घेऊन वाचायला बसलो.

हे भाषण ओबामांनी 13 जुलै 2012 रोजी व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक ह्या गावी, आग विझवणाऱ्या बंबांच्या ठाण्याजवळ केले. त्यातील मजकुराचा आशय असा : तुम्ही यशस्वी झाला असाल, तर वाटेत कोणीतरी तुम्हांला हात दिला आहे. तुमच्या आयुष्यात कुठेतरी एखादा थोर शिक्षक होऊन गेला आहे. ज्या व्यवस्थेने तुम्हांला वाढू दिले ती उभी करायला कोणीतरी मदत केली आहे. रस्त्यांत आणि पुलांत कोणीतरी पैसा घातला आहे. आणि मग ते वाक्य आले. तुमचा धंदा असेल तर, 'दॅट' तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्या कोणीतरी ते घडवून आणले. आणखी दोन-चार वाक्यांनंतर समारोप : आपण यशस्वी होतो ते स्वतःच्या कर्तृत्वामुळे, आणि त्याचबरोबर आपण काही गोष्टी मिळून करतो म्हणूनही.

सारे भांडण त्या 'दॅट'चे. हे सर्वनाम कोणत्या नामाबद्दल आले आहे? धंद्याबद्दल, की रस्ते-पुलांबद्दल? मौज अशी की इंग्रजीत जे कोडे पडले ते मराठीत पडलेच नसते. भाषांतर करणाऱ्याला 'तो' किंवा 'ते' ह्यांतले एक लिहावेच लागते. 'तो तुम्ही बांधला नाही' म्हटले की धंदा. 'ते तुम्ही बांधले नाहीत' म्हटले की रस्ते आणि पूल. एका कान्याचा फरक, आणि त्या एका कान्यावर महासत्तेतले दोन पक्ष चार महिने लढले.

व्याकरणाच्या मास्तराने येथे कोणाचीही भीड धरू नये. ओबामांच्या बाजूचे लोक म्हणत की वाक्य अगदी स्वच्छ आहे. ते मला पटत नाही. रस्ते आणि पूल अनेकवचनी, 'दॅट' एकवचनी. शिवाय सर्वात जवळचे नाम 'धंदा' हेच आहे. केवळ त्या ओळीपुरते पाहिले तर अण्णांचा अर्थ व्याकरणाला अधिक जवळचा आहे. पुढे एका मुलाखतीत खुद्द ओबामांनीही कबूल केले की वाक्यरचनेची मला खंत आहे, मुद्द्याची नाही. मात्र ओळ सोडून परिच्छेद वाचला, की आधीचा रस्ता आणि नंतरचा समारोप 'ते' असेच वाचायला लावतात. ज्याने पुढच्याच मिनिटाला 'स्वतःच्या कर्तृत्वामुळे' असे म्हटले, त्याने छापखाना छापखानेवाल्याचा नव्हे असे म्हटले, हे मानायला परिच्छेद वाचायचाच नाही असा निश्चय करावा लागतो.

तो निश्चय करवून घेण्याची कला तेथे फार पुढे गेलेली आहे. तिला 'स्पिन' म्हणतात. चेंडूला बोटाने पीळ द्यावा आणि तो पडल्यावर भलतीकडेच वळावा, तसे घडलेल्या गोष्टीला पीळ देऊन लोकांपुढे टाकायचे. आपल्याकडे 'फिरकी' हा शब्द तयारच आहे. रेगन आणि मॉन्डेल ह्यांच्यातील 1984 च्या निवडणुकीच्या सुमारास ह्या कारागिरांना 'स्पिन डॉक्टर' हे नाव रूढ झाले. उमेदवारांचा जाहीर वादविवाद संपला की दोन्ही पक्षांचे बोलके लोक एका दालनात जमतात आणि आपलाच उमेदवार कसा जिंकला, हे बातमीदारांना पटवू लागतात. ज्या बातमीदारांनी तो वादविवाद आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यांनाच!

रोअनोकच्या वाक्याला अशी फिरकी मिळाली. रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील टँपा येथे भरले, तेव्हा एका दिवसाचे घोषवाक्यच 'आम्ही बांधले' असे ठेवण्यात आले. ज्या भव्य सभागृहात ही घोषणा घुमली ते बांधायला सरकारी तिजोरीतला पैसाही लागला होता, ही गोष्ट विरोधकांनी लगेच दाखवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सारे फराळाच्या ताटावर मांडले, तेव्हा पुतण्या खुलला. "बघा बाबा, काकाही तेच म्हणतात." तेव्हा मी त्याला विचारले, "रॉम्नींना लोकांना नोकरीवरून काढायला आवडतं, असं तू परवा म्हणालास. ते कुठून आलं?"

"ते त्यांनी स्वतः म्हटलंय काका. सगळ्यांना माहीत आहे."

तेही वाक्य मी शोधून काढले होते. 9 जानेवारी 2012 रोजी न्यू हॅम्पशरमधील नॅशुआ येथे रॉम्नी आरोग्यविम्याबद्दल बोलत होते. प्रत्येकाचा विमा स्वतःच्या हातात असावा, म्हणजे कंपनीचे काम पसंत नसेल तर तिला काढून टाकता येते, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्यावर ते म्हणाले की, मला सेवा पुरविणाऱ्या लोकांना काढून टाकता येणे मला आवडते. 'सेवा पुरविणाऱ्या' हे शब्द गळाले आणि गिऱ्हाईक बोलत होते तेथे मालक बोलू लागला. रॉम्नी पूर्वी ज्या गुंतवणूक-कंपनीचे प्रमुख होते, तिने विकत घेतलेल्या काही उद्योगांत कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्यामुळे छाटलेले वाक्य त्यांच्या तोंडी अगदी शोभून दिसले. ह्या छाटणीचा फायदा घ्यायला डेमोक्रॅट तर होतेच, पण स्वपक्षातले प्रतिस्पर्धीही मागे राहिले नाहीत. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी ह्यांच्या प्रचारकांनी तर ते शब्द टेलिफोनची घंटी म्हणून लोकांना देऊ केले.

आणि रॉम्नींच्या लोकांनीही 2011 च्या नोव्हेंबरात एक जाहिरात काढली होती. तीत ओबामा म्हणतात, की आपण अर्थव्यवस्थेबद्दल बोलत राहिलो तर हरू. हे शब्द ओबामांनी 2008 साली उच्चारले होते खरे; पण प्रतिस्पर्धी मॅकेन ह्यांच्या बाजूचे लोक असे म्हणतात, हे सांगताना. अवतरणचिन्हे पुसली, आणि दुसऱ्याचे बोल त्यांच्या पदरात पडले.

मी पुतण्याकडे पाहिले. तो म्हणाला, "ठीक आहे. पण काका, मनातून तो माणूस तसाच आहे." अण्णांनी चष्मा लावून रोअनोकचे पान दोनदा वाचले आणि म्हणाले, "तरी त्यानं असं म्हणायला नको होतं." दोघांपुढेही संपूर्ण वाक्य होते, आणि दोघांनाही अर्धेच हवे होते.

धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाक्याचा उत्तरार्ध ऐकू जाऊ नये म्हणून तेथे शंख फुंकावा लागला, असे कीर्तनकार सांगतात. आता तेवढेही कष्ट नकोत. श्रोता आपापला शंख घरून घेऊन येतो. फिरकी टाकणाऱ्याला आपण शिव्या देतो. पण ती ज्या खेळपट्टीवर वळते ती खेळपट्टी आपली असते. अण्णांना जे लागले ते खरेच लागले होते. पंचवीस वर्षांच्या कष्टांचे कौतुक कोणी करील, ह्याची ज्याला आस आहे त्याच्याच मनावर ते अर्धे वाक्य वळू शकते.

येथे कोणी म्हणेल, की संदर्भ संदर्भ म्हणून मास्तर बोलणाऱ्याला पाठीशी घालतो आहे. तसे नाही. संदर्भ जसा सोडवतो तसा अडकवतोही. त्याच भाषणात थोडे आधी ओबामा, मी फार हुशार म्हणूनच यशस्वी झालो असे समजणाऱ्यांना चिमटा काढतात. जगात हुशार लोक पुष्कळ आहेत, असे म्हणतात. त्या सुरात किंचित टोचणी आहे. अण्णांना राग यायचाच होता, तर तो त्या ओळींवर यायला हवा होता, आणि तो वाजवी ठरला असता. पूर्ण वाचल्याने राग नाहीसा होतोच असे नाही. तो योग्य जागी जाऊन बसतो.

आणि आता ह्या प्रकरणातली मला सर्वात भावलेली गोष्ट. रोअनोकनंतर चारच दिवसांनी पेनसिल्व्हेनियात बोलताना रॉम्नींनी ओबामांवर टीका केली, आणि त्याच भाषणात हेही मान्य केले की धंद्यात पुष्कळ लोकांची मदत होते : आईवडील, शाळेतले शिक्षक, रस्ते करणारे, आग विझवणारे, पोलीस. म्हणजे शिक्षक ओबामांच्या यादीत होता आणि रॉम्नींच्याही. दोन्ही बाजूंच्या फिरकीत जो पहिल्याने गळाला, तो बिचारा शाळामास्तर! हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग आपल्या गावच्या शाळेत शुद्धलेखनासाठी हातावर छडी मारणाऱ्या गुरुजींची आठवण सांगू लागले. छापखान्यात आजवर एकही चूक छापून गेली नाही, ती त्या छडीमुळे, असे म्हणाले. मुलाने ही गोष्ट पूर्वी कधी ऐकली नव्हती. अबोला सुटला, तो तेथे. मते मात्र दोघांचीही होती तशीच राहिली, आणि त्यात वावगे काही नाही.

एवढे सांगून मला थांबता आले असते. पण समीक्षकाने आपले कपाटही उघडावे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मासिकात मी एका वडीलधाऱ्या कादंबरीकाराच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले. त्यांच्या प्रस्तावनेतील एक वाक्य उद्धृत करून, स्त्रियांविषयी हे गृहस्थ कसे तुच्छतेने बोलतात, असे मी ठणकावले. परीक्षणाची वाहवा झाली. महिन्याने एक पोस्टकार्ड आले. त्यावर ते वाक्य संपूर्ण लिहिलेले होते. आरंभीचे 'माझे वडील म्हणत की' हे चार शब्द मी गाळले होते. खाली सही, बाकी एक अक्षर नाही. मी ते शब्द मुद्दाम गाळले की घाईत सुटले, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि हेच मला अधिक बोचते. माफीचे पत्र मी तीनदा लिहिले आणि एकदाही टाकले नाही. ते गृहस्थ आता नाहीत.

आपल्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न येत असे : संदर्भासह स्पष्टीकरण करा. वाक्य कोणी, कोणाला, केव्हा म्हटले, हे लिहिल्याशिवाय गुण मिळत नसत. आम्ही तो पाठ करून उत्तीर्ण झालो आणि विसरलो. मी मात्र आता वर्गात तो पुन्हा घालतो. त्यात एक पोटप्रश्न माझा आहे : हेच वाक्य तुमच्या आवडत्या माणसाने म्हटले असते, तर तुम्ही त्याचा काय अर्थ लावला असता? मुले ह्या प्रश्नावर पेन्सिल चावत बसतात. मीही त्या वेळी टेबलाशी गप्प असतो. माझ्या खणात ते पोस्टकार्ड आहे.