कर्ता नसलेली वाक्ये : मराठी राजकीय कादंबरी आणि राज्यकारभाराची भाषा

मराठीतील राजकीय कादंबरीची चर्चा अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’पासून (१९७७) सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. याला साधूंचे कर्तृत्व जेवढे कारण आहे तेवढाच आपल्या समीक्षेचा आळसही. ‘लोकशाहीच्या अधःपतनाचे भेदक चित्रण’ हा शेरा एकदा या कादंबरीवर मारला गेला आणि पुढे विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांतून तो इतका रुळला, की हे अधःपतन म्हणजे नेमके कशाचे, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. मात्र कथानकाच्या अंगाने नव्हे, वाक्यरचनेच्या अंगाने.

‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्यांचे विश्व कर्त्यांनी गजबजलेले आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांचे आसन डळमळीत करू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारांचा नेता डिकास्टा, या साऱ्यांकडे पाहणारे वार्ताहर : प्रत्येकजण काही तरी करतो आहे, करवून घेतो आहे, दुसऱ्याने केलेले उलटवतो आहे. साधू स्वतः पत्रकार होते आणि बातमीच्या मागचा माणूस शोधण्याची पत्रकाराची सवय त्यांच्या निवेदनाला लागलेली आहे. सत्ता म्हणजे माणसांचे डावपेच, ही या निवेदनाची मूळ धारणा. जब्बार पटेल यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून १९७९मध्ये केलेल्या चित्रपटाने ही धारणा अधिकच ठसठशीत केली. खेळ संपतो तेव्हा मुख्यमंत्री जागेवरच असतो आणि सारे जाणणारा दिगू टिपणीस भ्रमिष्ट होतो. जाणणाऱ्याने वेडे व्हावे, हा शेवट प्रभावी आहे यात शंका नाही; पण तो एका अर्थाने सोयीचाही आहे. ज्ञानाची परिणती वेडात झाली की जबाबदारीचा प्रश्न वाचकाच्या मनात शोकाचे रूप घेतो, आणि शोकाला उत्तर द्यावे लागत नाही.

या विश्वात मतदार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो मला दुय्यम वाटतो. कादंबरी मंत्रालयाभोवती फिरते, तेव्हा खेडे तिच्यात नसणे हा दोष नव्हे. खरी उणीव अशी, की मंत्रालयात जे सर्वांत अधिक निर्माण होते ते, म्हणजे शासकीय गद्य, या कादंबऱ्यांच्या संवेदनेत जवळजवळ उतरत नाही. मंत्री बोलतात, कुजबुजतात, दूरध्वनी करतात. परंतु त्या बोलण्याचे रूपांतर ज्या टिपणीत, परिपत्रकात, अधिसूचनेत होते, आणि नागरिकाला सत्ता ज्या एकमेव रूपात प्रत्यक्ष भेटते, ते रूप निवेदनाबाहेर राहते.

ते गद्य कसे आहे? राज्यस्थापनेच्या वर्षीच, १९६०मध्ये, भाषा संचालनालय निघाले, १९६४मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि मराठी ही राज्यकारभाराची भाषा होण्याचा मार्ग मोकळा झाला. या भाषेची चर्चा आपण नेहमी शब्दांवरून केली. ‘अधिग्रहण’, ‘निविदा’, ‘अनुज्ञप्ती’ यांच्या दुर्बोधतेवर विनोदही पुष्कळ झाले. शब्द कालांतराने अंगवळणी पडतात. रचनेकडे मात्र कोणी पाहिले नाही. ‘सूचना देण्यात आल्या आहेत’, ‘निर्णय घेण्यात येईल’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ : शासकीय मराठीचा कणा ही ‘-ण्यात येणे’ची रचना आहे. आपल्या व्याकरणपरंपरेने इंग्रजी वळणाच्या ‘रामाकडून रावण मारला गेला’ या रचनेला नवीन कर्मणी म्हटले. तेथे ‘कडून’ या शब्दाच्या आधाराने कर्ता निदान मागल्या दाराने आत येतो. ‘-ण्यात येणे’मध्ये त्या दाराचीही गरज उरत नाही. (‘पोलिसांनी गोळीबार केला’ हाही कर्मणीच, अशी हरकत कोणी जाणकार घेईल. खरे आहे; पण तेथे कर्ता तृतीयेत का होईना, वाक्याच्या तोंडाशीच उभा असतो.) हॅना आरेंट यांनी नोकरशाहीला ‘कोणीच नसलेल्याचे राज्य’ म्हटले होते. मराठीत त्या राज्याचे स्वतंत्र क्रियारूपच तयार आहे.

ही केवळ व्याकरणाची चिकित्सा नाही, हे पाहण्यास एकटा रत्नागिरी जिल्हा पुरेसा आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली. पर्यावरणविषयक अहवालाचे मराठी भाषांतर आपल्यापर्यंत वेळेत पोहोचले नाही, ही ग्रामस्थांची तेव्हाची मुख्य तक्रार होती. म्हणजे लोकांचे ऐकून घेण्यासाठी जी विधियुक्त सभा भरवली तिची संहिताच ऐकवणाऱ्यांच्या हाती नव्हती. तरीही ‘जनसुनावणी घेण्यात आली’ हे वाक्य निर्दोष ठरते. कारण त्यात कोणी ऐकले आणि कोणाचे ऐकले, या दोन्ही जागा रिकाम्या ठेवण्याची सोय आहे. पुढे एप्रिल २०११मध्ये साखरी-नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार ठार झाला. जमाव किती आक्रमक होता, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ‘गोळीबार करावा लागला’ आणि ‘पोलिसांनी गोळी झाडली’ या दोन वाक्यांतील अंतर हे शैलीचे अंतर नव्हे. चौकशी कोठून सुरू व्हावयाची, हे त्या अंतरावर ठरते.

दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची कथा याहून लांब आणि कादंबरीकाराला भुरळ पाडील अशी. एका सरकारने १९९२मध्ये सामंजस्य करार केला. प्रकल्प समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांच्या सरकारने ऑगस्ट १९९५मध्ये तो रद्द केला आणि १९९६मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा स्वीकारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्रातील तेरा दिवसांच्या मंत्रिमंडळाने जाता जाता प्रतिहमीवर मोहोर उठवली. २००१मध्ये वीजखरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला आणि वर्ष संपण्यापूर्वी खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे अपयश कोणा एका सरकारचे नसून शासनव्यवस्थेच्या बहुतेक सर्व पातळ्यांवरचे आहे, अशा आशयाचा निष्कर्ष काढला आणि न्यायालयीन चौकशीची शिफारस केली. ‘सिंहासन’च्या पद्धतीने ही कथा लिहिली, तर तिच्यात तीन-चार ठळक खलनायक मिळतील, एक हताश पत्रकार मिळेल आणि वाचकाचे समाधान होईल. मात्र परस्परांचे वैरी असलेले पक्ष एकापाठोपाठ एक तेच कागद पुढे का सरकवीत गेले, याचे उत्तर कटकारस्थानांत सापडत नाही. ते टिपणीच्या भाषेत सापडण्याचा संभव अधिक. कारण कर्ता नसलेले वाक्य कोणत्याही सरकारला जसेच्या तसे वापरता येते.

मी हे पालीत बसून लिहितो आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरणारी वाट येथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळते. या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झाले. २०२४च्या गणेशोत्सवातही चाकरमानी अपुऱ्या महामार्गावरूनच गावी आले. दरम्यान २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला आणि १६ ऑक्टोबर २०२३ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळला. अशा वेळी कर्ता अचानक प्रकट होतो, हे लक्षणीय आहे. एरवी भाववाचक नामांआड वावरणाऱ्या यंत्रणेला एकदम नाव-गाव असलेला एखादा कंत्राटदार किंवा अभियंता आठवतो.

‘घाशीराम कोतवाल’ची (१९७२) खरी प्रस्तुतता मला येथे वाटते. या नाटकावरील वाद इतिहासाचा विपर्यास आणि जातीचा अवमान यांत अडकून पडला. त्यामुळे त्यातील सत्तेचे व्याकरण दुर्लक्षित राहिले. नाना कोतवाल निर्माण करतो, त्याच्या हातून सारे होऊ देतो आणि लोकक्षोभ अनावर झाला की त्यालाच लोकांच्या स्वाधीन करतो. नानाच्या वाक्यांना कर्ता लागत नाही. शिक्षेच्या क्षणी मात्र एक लागतो, तो घाशीराम पुरवतो. समोरची माणसांची भिंत कधी ते कृत्य झाकते, कधी स्वतःच करते. राजकीय कादंबरीने जे करावयास हवे होते, ते या नाटकाने संवादांहून अधिक रचनेतून करून दाखवले.

कादंबरीच्या बाजूने रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’चा (१९९४) उल्लेख करावयास हवा. बेचाळीसपासून पुढचा ग्रामीण राजकारणाचा विस्तृत पट मांडताना पठारे सत्तेला मुंबईतून तालुक्यात आणतात. सहकारी संस्था, शिक्षणसंस्था, त्यांतील नेमणुका आणि ठराव यांतून सत्ता कशी झिरपते, हे तेथे दिसते. बैठकीचा अजेंडा हे कथनद्रव्य होऊ शकते, हे या कादंबरीने सिद्ध केले. तिच्याही पुढे जाऊन कागदाच्या भाषेलाच पात्र करणारे निवेदन मराठीत रुजले नाही, याचे एक कारण आपणा अभ्यासकांच्या घडणीत असावे. ‘असे म्हटले जाते’, ‘असे दिसून येते’ या रचनांवर आमची पीएच.डी.ची प्रकरणे उभी राहतात. प्रस्तुत लेखातही त्या आल्या आहेत. एखादी गाळून पाहावी तर वाक्य एकाएकी उघडे पडते.

बोलभाषेत काय होते, हे अखेरीस पाहण्यासारखे आहे. कर्ता नसलेल्या वाक्याने लोकांचे समाधान होत नाही. रस्ता कोणी अडवला, मोजणी कोणी आणली, हे ते विचारतातच. त्यावर तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सर्वांकडून मिळणारे उत्तर एका शब्दाचे असते : ‘वरून’. वरून आदेश आहे, वरून पैसे आले नाहीत, वरून माणसे यायची आहेत. हे नाम नव्हे, सर्वनामही नव्हे. ही नुसती दिशा आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती-परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा महिला कातळावर आडव्या पडल्या होत्या. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या पोलिसालाही ‘वरून’ याखेरीज दुसरा शब्द उपलब्ध नव्हता. त्या स्त्रिया आणि तो पोलीस यांच्यामधल्या हातभर अंतरात ‘वरून’ हा शब्द कसा काम करतो, तेथून सुरू होणारी कादंबरी मंत्रालयात कितव्या प्रकरणात पोहोचेल, हे मला सांगता येत नाही.